देवाला न चालणारी फुलं

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या ज्या घरात मी वरच्या खोलीत भाड्याने राहते, तिथे रोज सकाळी फुलांचे दोन वाटे होतात. एक देवाचा, एक माझा.

घरमालक भीमाचार्य सहाच्या सुमारास परडी घेऊन जिन्याच्या पायरीवर बसतात आणि एकेक फूल उजेडाला धरून बघतात. पाकळी फाटलेली असेल, देठ काळा पडला असेल, आत किडा असेल तर ते फूल देवाला चालत नाही. वास घेतलेलं फूलही चालत नाही, म्हणून ते फूल नाकासमोर आलं की श्वास रोखतात. शहात्तर वर्षांचा माणूस पायरीवर बसून एका वेळी वीस-वीस सेकंद श्वास रोखतो, हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे. किडा दिसला की फूल स्टीलच्या झाकणीत जातं, आणि फुलं निवडून झाली की झाकणी माझ्या दाराशी येते.

"देवाला नको ते शमिकेला," असं त्यांच्या पत्नी, चंपाक्का, म्हणतात. त्यांना सगळी गल्ली चंपाक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते.

मी नागपूरची. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं आणि इथल्या एका संशोधन संस्थेत प्रकल्प सहायक म्हणून लागले. काम एका वाक्यात सांगता येतं: फुलांत आणि फुलांतल्या किड्यांवर राहणारं यीस्ट शोधायचं. पहिल्याच आठवड्यात मी ते चंपाक्कांना सांगितलं.

"यीस्ट म्हणजे इडलीच्या पिठात असतं ते," त्या म्हणाल्या.

"इडलीचं पीठ मुख्यतः जिवाणूंमुळे फुगतं, अक्का. थोडं यीस्टही असतं, पण—"

"फुगतं ना? मग झालं. एवढं शिकून पिठाचंच काम."

पण भीमाचार्य काका लक्ष देऊन ऐकत होते. ते मूळचे विजापूरकडचे; सर्व्हे खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेले. कुठली गोष्ट कुठे आहे, हा त्यांचा आवडता प्रश्न. म्हणून मी त्यांना सविस्तर सांगितलं. फुलातल्या मधात साखर असते, तिथे यीस्ट वाढतं. पण फूल एक-दोन दिवसांचं. ते सुकायच्या आत यीस्टला दुसऱ्या फुलात जावं लागतं, आणि त्याला ना पाय ना पंख. मग ते फुलात येणाऱ्या छोट्या भुंगेऱ्याच्या अंगाला चिकटून जातं.

"म्हणजे भुंगेरा ही त्याची बस," काका म्हणाले.

"हो. आणि बसमध्ये कोण बसलंय ते बघायचं असेल तर भुंगेऱ्याला जेलीसारख्या थरावर चालू द्यायचं. तो निघून जातो. दोन दिवसांनी त्याच्या पावलांच्या खुणांवर यीस्टचे पांढरे ठिपके उगवतात. एक ओळच उमटते, वळणावळणाची."

काकांनी बोटाने हवेत एक वळणावळणाची ओळ काढली. मग म्हणाले, "किड्यानं स्वतः काढलेला नकाशा." आणि दुसऱ्या दिवसापासून झाकणी सुरू झाली.

सतरा जूनला झाकणीत सोनचाफ्याचं एक फूल होतं. इथे त्याला संपिगे म्हणतात. आत तिळाएवढे तीन तपकिरी भुंगेरे. तिघांना मी प्रयोगशाळेत नेऊन थरावर सोडलं. एकाच्या पावलांवर जे उगवलं, त्याला मी एस-१७ असा क्रमांक दिला. यीस्ट ओळखायला त्याच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचतात, साधारण पाचशे अक्षरांचा. एकाच जातीच्या दोन नमुन्यांत तिथे फार तर दोन-तीन अक्षरं वेगळी निघतात. एस-१७ मध्ये, जगात नोंदवलेल्या सगळ्यात जवळच्या जातीपेक्षा, एकतीस अक्षरं वेगळी होती.

मी उल्का मॅडमच्या खोलीत जवळजवळ पळतच गेले. त्या आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख, पुण्याच्या. त्यांनी स्क्रीन बघितला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"छान आहे. खरंच छान आहे," त्या म्हणाल्या. "पण शमिका, एक स्ट्रेन म्हणजे अफवा. दुसरा आण, मग ती बातमी होते."

"जात नवी आहे हे तर दिसतंय ना, मॅडम?"

"दिसतंय. पण एकच नमुना, एकच किडा, एकच फूल. तो तिथे राहतो की वाऱ्याबरोबर आला होता, तुला माहीत नाही. शिवाय ह्या गटातली यीस्ट नर-मादीसारखी दोन बाजूंची असतात. समोरच्या बाजूचं कोणी भेटल्याशिवाय बीजाणू धरत नाहीत. एकट्याचं अर्धंच वर्णन होणार. हंगाम आहे तोवर शोध. तुझा करार ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे. नाही मिळाला तर हा फ्रीजरमध्ये एक क्रमांक म्हणून राहील. तिथे असे चाळीस आहेत."

ते चाळीस मी पाहिले होते. उणे ऐंशी तापमानाला, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत, ज्यांच्यावर लिहिणारी मुलं कधीच दुसरीकडे निघून गेली होती. त्यात एस-१७ ची नळी एकेचाळीसावी व्हावी असं मला अजिबात वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी काकांना विचारलं, "सतरा तारखेचं सोनचाफ्याचं फूल कुठलं होतं?"

ते पंचांग बघत होते. पंचांगातून मान न काढता म्हणाले, "गच्चीवरचं."

गच्चीवर निळ्या पिंपात सोनचाफ्याचं कलम आहे. मी वर जाऊन पिंपाशेजारी उभी राहिले आणि फोनवर अक्षांश-रेखांश घेतले. सहा दशांश स्थळांपर्यंत. ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग मी आणखी एक अचूकपणा केला. परडीत फुलं एकमेकांना लागतात, एकाचा किडा दुसऱ्यात जातो. आता झाड माहीत होतं, तर फुलं मी स्वतः झाडावरून, निर्जंतुक चिमट्याने घ्यायला हवीत. म्हणून मी काकांना सांगितलं की झाकणी आता नको.

"नको?" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटणं आणि सुटका असं दोन्ही एकदम दिसलं, पण तेव्हा मला वाटलं, फक्त वाईट वाटलं असेल.

जुलै, ऑगस्ट, अर्धा सप्टेंबर. गच्चीवरची एकशे बारा फुलं. रोजच्या ओळखीची यीस्ट मिळाली, मुंग्या मिळाल्या, दोन कोळी मिळाले. तो तपकिरी भुंगेरा एकदाही दिसला नाही. चंपाक्का धुणं वाळत घालायला वर यायच्या आणि मी पिंपाशी वाकलेली दिसले की विचारायच्या, "सापडला का गं?"

"नाही, अक्का."

"म्हणजे एक बाजू बसलीय नटून, आणि पलीकडचे लोकच नाहीत." त्या साडी झटकत म्हणायच्या. मग उगाचच, "हे कुठं आहेत?" असं विचारून खाली जायच्या. त्या प्रश्नाचा माझ्या कामाशी काही संबंध असेल असं मला वाटलं नाही.

ह्या दिवसांत रविवारी दुपारी मल्लाप्पा काका कॉफीला यायचे. ते मागच्या गल्लीत राहतात. निपाणीचे, बँकेतून निवृत्त, बायको वारलेली, मुलगी परदेशात. रोज संध्याकाळी ते आणि आमचे काका पार्कात एकाच बाकावर बसतात. मल्लाप्पांचा एकच विषय होता: त्यांच्या झाडाची फुलं कोणीतरी चोरतं.

"काय ओ आचार्रे, आजबी नऊ फुलं गेली बघा," ते म्हणायचे. "फांदी मोडत नाही, पान पाडत नाही. एकदम शिकलेला चोर आहे."

"शिकलेला कशावरून?" काकांनी विचारलं.

"कळी तोडत नाही की! उमललेलं तेवढंच नेतो. मी सांगतो, तो आमच्या गल्लीतला गिरीराजच. हातात काठी घेऊन फिरायला जातो पहाटे. काठी कशाला लागते त्याला? पाय तर धडधाकट."

"कुत्री असतात," काका म्हणाले.

"अय्यो, कुत्री! चार वर्षं झाली, मी बोलत नाही त्याच्याशी."

"भिंतीवर काचा लावून घ्या," काकांनी सल्ला दिला. ह्यावर चंपाक्कांना इतका ठसका लागला की मी उठून पाणी आणलं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या मनात एक शंका आली. भुंगेरे कदाचित फक्त दुसऱ्या दिवसाच्या फुलात येत असतील. मग फुलाचं वय कळायला हवं. मंगळवारी संध्याकाळी मी गच्चीवर गेले आणि दुसऱ्या दिवशी उमलणार अशा प्रत्येक कळीच्या देठाला लाल दोरा बांधला. कळ्या पाच होत्या. काकांना पूजेची फुलं तोडायला अडवायचं नव्हतं, म्हणून ठरवलं, सकाळी त्यांनी कोणती नेली ते परडीतले दोरे बघून नोंदवायचं आणि उरलेली मी दुसऱ्या दिवशी घ्यायची.

बुधवारी सहा वाजता मी वही घेऊन जिन्यात उभी राहिले. परडीत सोनचाफ्याची नऊ फुलं होती. दोरा एकालाही नव्हता.

"काका, दोरे काढले का तुम्ही?"

"कसले दोरे?"

मी गच्चीवर गेले. पिंपातल्या झाडावर पाच फुलं उमललेली होती, पाचही देठांवर लाल दोरा. मी परत खाली आले. मला अजूनही कळलं नव्हतं. शिकलेल्या माणसाला कधी कधी उशीर लागतो. मी मोठ्याने हिशेब मांडला.

"झाडावर पाच कळ्या होत्या. पाचही फुलं झाडावरच आहेत. मग ही नऊ फुलं..."

काकांनी परडी उचलली. ती छातीशी धरून ते देवघरात गेले. त्या दिवशी पूजेची घंटा नेहमीपेक्षा बराच वेळ वाजत होती.

मी जिन्यातच वही मिटली. एक तर मी एका वडीलधाऱ्या माणसाला जिन्यात उभं करून खोटं पाडलं होतं. आणि दुसरं, तीन महिने मी भलत्याच झाडाशी वाकत होते. वहीतले ते अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत अचूक होते आणि पूर्ण चुकीचे होते.

गुरुवारी काका माझ्याशी बोलले नाहीत. शुक्रवारीही नाही. मी चंपाक्कांना स्वयंपाकघरात गाठलं. त्या घेवडा निवडत होत्या.

"अक्का, ती फुलं कुठून येतात?"

"मी सांगणार नाही."

"पण तुम्हाला माहीत आहे."

"नवऱ्याचं बायकोनं सांगू नये, आणि विचारल्यावर खोटंही बोलू नये. म्हणून मी घेवडा निवडते." त्यांनी शेंगेची शीर ओढून काढली आणि देवघराच्या दिशेने आवाज चढवला. "पोरीला ऑक्टोबरात जायचंय, एवढं मात्र मला माहीत आहे! फुलं संपत आली, एवढंही माहीत आहे!"

देवघरात घंटा वाजू लागली.

शनिवारी सकाळी माझ्या दाराखालून एक कागद आत आला. नकाशांना वापरतात तो अर्धपारदर्शक कागद, चार घड्यांचा. मी तो टेबलावर पसरला.

काळ्या शाईने, पट्टीने, आमच्या आणि मागच्या गल्लीचा नकाशा काढला होता. वर उत्तरेचा बाण. खाली प्रमाण, एकास पाचशे. घरं, फाटकं, विजेचे खांब, एक मॅनहोल. मागच्या गल्लीत डावीकडून चौथ्या घराच्या आवारात झाडाची खूण होती आणि तिच्याभोवती बारीक ठिपक्यांनी फांद्यांचा घेर. कुंपणाच्या बाहेर, रस्त्यावर, एक फुली. फुलीशेजारी एकसारख्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं: "येथून आकडी पोहोचते." कोपऱ्यात, जिथे नकाशा काढणाऱ्याचं नाव आणि तारीख असते तिथे: "भीमाचार्य. सन २०१६ पासून."

डावीकडून चौथं घर मल्लाप्पांचं होतं.

मी दार उघडलं. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसले होते.

"प्रमाण बरोबर आहे," ते म्हणाले. "पावलांनी मोजलंय, पण बरोबर आहे."

मी त्यांच्या शेजारी बसले. मला हसू येत होतं आणि ते चालणार नाही हेही कळत होतं.

"पहिल्या वर्षी एक फांदी भिंतीबाहेर आली होती," ते सांगू लागले. "बाहेरची फुलं घेतली. त्यात चूक काही नव्हती. मग त्यांनी ती फांदी छाटली. तोवर देवाला सवय झाली होती."

"देवाला?"

"बरं, मला. कलमाच्या फुलाला तो रंग नाही. विजापूरला आमच्या दारात होतं तसं हे झाड आहे, जुनं, बियांचं. तेव्हा मल्लाप्पांची ओळख नव्हती. मग पार्कात ओळख झाली, आणि पहिल्याच दिवशी ते म्हणाले, माझी फुलं चोरीला जातात. आता त्यावर काय बोलणार? पहिल्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का सांगितलं नाही, हेही सांगावं लागतं. असं करता करता फुलांना नऊ वर्षं झाली."

"मागितली असती तर दिली असती त्यांनी."

"दिली असती. पण मग रोज मागावं लागलं असतं."

"आणि देवाला चोरीचं चालतं?"

काकांनी विचार केला. "देवानं कधी विचारलं नाही कुठनं आणलं म्हणून. तू विचारलंस." थोड्या वेळाने त्यांनी आवाज खाली आणला. "उद्या पहाटे साडेपाचला चल. मी आकडी धरतो, तू तुझ्या नळ्या धर. पाच मिनिटांचं काम."

"नाही काका. नमुना कुठून घेतला आणि जागेच्या मालकाची परवानगी होती, हे मला लिहून द्यावं लागतं."

"चोरीच्या फुलावर शास्त्र होत नाही?"

"होतं. छापत नाहीत."

ते उठले, गुडघ्यावर हात टेकून. "मग नको," म्हणाले आणि खाली गेले. मला वाटलं, संपलं. पण अर्ध्या तासाने खालून हाक आली. काकांनी धोतर बदललं होतं, खांद्यावर उपरणं होतं, आणि हातात ती आकडी होती: लांब बांबू, टोकाला वाकवलेली तार. भरदिवसा.

"ती कशाला घेताय?" चंपाक्कांनी विचारलं.

"मुद्देमाल आहे," काका म्हणाले.

मल्लाप्पा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी खुर्च्या ओढल्या. "या या, आचार्रे. आज सकाळच्याला कसं? आणि ही काठी?"

काका बसले नाहीत. त्यांनी आकडी दोन्ही हातांनी पुढे केली, शस्त्र खाली ठेवतात तशी, आणि मल्लाप्पांच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

"गिरीराज नव्हे," ते म्हणाले. "मी."

मल्लाप्पांनी आकडीकडे बघितलं. मग झाडाकडे. मग पुन्हा आकडीच्या तारेकडे. आत कुकरची शिट्टी झाली.

"तुम्ही मला काचा लावायला सांगितलं," मल्लाप्पा शेवटी म्हणाले.

"हो."

"मी लावल्या. गवंडी बोलावून लावल्या."

"झाडाच्या बाजूला लावल्या नाहीत, बरं झालं. मीच सांगितलं होतं की त्या बाजूला गरज नाही."

मला वाटलं, आता ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला आणि आवाज बारीक झाला. "फुलांचं सोडा ओ. फुलं काय, पडून मातीत जायची ती. गिरीराजचं काय? त्याच्या नातवाच्या बारशाला मी गेलो नाही. रस्त्यात नमस्कार केला त्यानं, मी तोंड फिरवलं. आणि तुम्ही बाकावर शेजारी बसून कुत्र्यांचं सांगत होता."

"त्याच्या बाजूनं बोललो मी, जेवढं जमलं तेवढं."

"जेवढं जमलं!"

 काकांनी उपरण्याचं टोक हातात गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी तिथे उभी होते हे मला फार नकोसं झालं. मी आले नसते तर हे दोन म्हातारे आज संध्याकाळी बाकावर बसले असते, चोराला शिव्या देत, सुखात.

"ही का आली आहे?" मल्लाप्पांनी माझ्याकडे बघून विचारलं.

मी सांगितलं. सगळं: सतरा जूनचं फूल, तीन भुंगेरे, एकतीस अक्षरं, दुसरा स्ट्रेन, ऑक्टोबर. ते मान खाली घालून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या झाडावर असं काहीतरी आहे, जे जगात कुणाला ठाऊक नाही?"

"बहुतेक. एकदा दिसलंय. दुसऱ्यांदा दिसलं तरच म्हणता येईल."

"आणि हे पहिल्यांदा तुझ्यापर्यंत आणलं ह्यांनी. चोरून."

"हो."

मल्लाप्पा उठले, घराच्या मागे गेले आणि शिडी घेऊन आले. "चढ," मला म्हणाले. "मी धरतो." मग काकांकडे न बघता म्हणाले, "आचार्रे, तुम्ही गिरीराजकडं जाऊन या. आत्ता. आकडी घेऊन जावा. त्याला दाखवा. तो काय म्हणेल ते ऐकून घ्या आणि त्याला इकडं घेऊन या. मला पण माफी मागायचीय. मग कॉफी. आधी ते."

"सरी, जातो," काका म्हणाले आणि आकडी खांद्यावर टाकून निघाले. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून बघत होती. ते ताठ चालत होते, पण फाटकापाशी कडी उघडायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. नऊ वर्षांत ते त्या फाटकातून आत फक्त कॉफीला आले होते.

जुनं झाड आतून वेगळंच होतं. सालीला शेवाळ, फांद्यांच्या बेचक्यात सुकलेल्या फुलांचा थर, आणि हंगाम सरत आला तरी वर केशरी फुलं. पहिल्या फुलात काही नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्याच्या तळाशी, पाकळ्यांच्या खाचेत, तिळाएवढे दोन तपकिरी भुंगेरे बसले होते, अगदी घरच्यासारखे.

"आहे का?" खालून मल्लाप्पांनी विचारलं.

"आहे!"

"हळू! शिडी हलते. स्वल्प हळू."

त्या दिवशी मी बावीस भुंगेरे नेले. बावीस थर, बावीस भुंगेरे, प्रत्येकाला दहा मिनिटं फिरायला. सोमवारी ठिपक्यांच्या ओळी उगवल्या. काही भुंगेरे सरळ कडेला गेले होते, एक सगळा वेळ गोल फिरला होता. डीएनए वाचून आलं तेव्हा बावीसपैकी चौदा जणांच्या पावलांवर एस-१७ चीच जात होती. ती वाऱ्याबरोबर आलेली नव्हती. ती तिथे राहत होती, बहुधा झाड लावलं तेव्हापासून.

मग मी त्या चौदांतल्या प्रत्येकाचा कण एस-१७ च्या कणात मिसळून बाजूला ठेवला. तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बघत गेले. पहिले सहा जसेच्या तसे: गोल पेशी, बाकी काही नाही. ते एस-१७ च्याच बाजूचे असणार. सातव्या काचेवर मी भिंग फिरवलं आणि हात थांबला. गोल पेशींच्या मधून लांब, सरळ, काचेसारख्या सुया निघाल्या होत्या. बीजाणू. पेशीच्या लांबीच्या कितीतरी पट लांब, दोन-दोनच्या जोडीने.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ डोळा भिंगाला लावून ठेवला.

"बातमी," त्या म्हणाल्या. वर्णन लिहून पूर्ण व्हायला वेळ लागेल म्हणून त्यांनी माझा करार मार्चपर्यंत वाढवून घेतला. नळी एकेचाळीसावी झाली नाही.

आता शोधनिबंधाचा मसुदा चालू आहे. त्यात एक ओळ असते: नमुना कुठे, कधी, कोणत्या फुलावरून आणि कोणी गोळा केला. बाकी चौदा नमुन्यांपुढे माझं नाव आहे. एस-१७ पुढे मी भीमाचार्यांचं लिहिलं आणि त्यांना वाचायला दिलं, कारण जागेचा नकाशाही त्यांचाच जोडला आहे; फुली आणि आकडीचा उल्लेख तेवढा काढला.

त्यांनी चष्मा लावून ती ओळ तीनदा वाचली. "'गोळा केला' बरोबर नाही," ते म्हणाले.

"सगळे असंच लिहितात, काका."

"सगळ्यांनी गोळा केलेलं असेल."

"राहू दे की ओ," चंपाक्का आतून म्हणाल्या. "चोराचं नाव छापून येतंय, आणखी काय पाहिजे?"

गिरीराजनी त्या दिवशी काय म्हटलं, हे काकांनी आम्हाला अजून सांगितलेलं नाही. ते दोघं सोबत परत आले होते एवढं मी शिडीवरून पाहिलं. आकडी गिरीराजच्या हातात होती. आता संध्याकाळी बाकावर तिघं असतात. मल्लाप्पा अजून मधूनच गप्प होतात आणि काका तेव्हा त्यांच्याकडे बघत नाहीत. सकाळी काका फाटकाची बेल वाजवतात, फुलं मागतात, आणि कॉफी घेतल्याशिवाय मल्लाप्पा त्यांना सोडत नाहीत. आंघोळ, सोवळं, कॉफी ह्यांचा क्रम त्यांनी कसा बसवला ते त्यांनाच माहीत. पूजेला रोज पाऊण तास उशीर होतो.

"मागून आणलेल्या फुलांना वेळ फार लागतो," अशी त्यांची तक्रार आहे.

काल सकाळी दार उघडलं तर बाहेर झाकणी होती. जूननंतर पहिल्यांदा. आत सोनचाफ्याचं एक फूल, हंगामाच्या शेवटच्या फुलांपैकी, पाकळ्या जरा आखूड. दुसऱ्या कशाला लागू नये म्हणून ते एकटंच, स्वच्छ कागदावर ठेवलेलं. शेजारी एक चिठ्ठी, त्याच सुबक अक्षरांत: तारीख, वेळ, मल्लाप्पांच्या फाटकापासून झाडाचं अंतर, फांदीची दिशा, जमिनीपासूनची उंची. आणि शेवटी, खाली रेघ मारून, "विचारून घेतले."

मी फूल उजेडाला धरलं. तळाशी काहीतरी हललं. मी श्वास रोखला.